इस्त्री चालू, नेट चालू

तक्रारबाईंनी आयुष्यात फोन उचलून कधी ‘हॅलो’ म्हटलं नाही. त्या ‘बोला’ म्हणत. तेही कसं, तर ‘बो’वर जरा रेंगाळून आणि ‘ला’ हलकेच खाली ठेवून, जणू समोरच्याला बसायला खुर्ची सरकवली. एकतीस वर्षं टेलिफोनच्या तक्रार विभागात हा एकच शब्द त्या दिवसाला दोन-अडीचशे वेळा बोलल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी दाराची घंटी वाजली की आतून तोच आवाज येई, “बोलाऽ!” आणि पार्सल घेऊन आलेला माणूस दचकून आपलं नाव, पत्ता, फोन नंबर सगळं सांगून मोकळा होई.

गल्लीत त्यांना तक्रारबाई म्हणत. घरात त्या आत्या. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणत, “दिवसभर लोकांचं ऐकून घरी यायचं, आणि घरी परत एकाचं ऐकायचं? दोन पाळ्या कोण करणार?” भावाच्या घरात राहिल्या, भावाचा मुलगा मांडीवर वाढवला. भाऊ-वहिनी गेल्यावर घरात त्या, तो भाचा आणि त्याची बायको अशी तीन माणसं उरली.

तक्रार घेण्याची त्यांची एक पद्धत होती.

“अहो बाई, फोन मेलाय आमचा!”

“मेलाय म्हणजे? घरघर येते की अगदी शांत?”

“शांत. ठार शांत.”

“बरं. घरात कालपासून काय हललं?”

“छे हो! काडी हलली नाही काडी!”

मग लाइनमन जाऊन बघायचा, तर गृहस्थांनी कुंपण छाटताना वायरही छाटलेली असायची, आणि वर ती चिकटपट्टीने इतकी सुबक जोडलेली की पाहणाऱ्याने वाहवा करावी. एका बाईंनी फोनखाली विणलेला रुमाल घातला होता आणि त्याची एक झालर बरोबर रिसीव्हरखाली अडकून राहिली होती. एका आजोबांनी तर वायरीवर टॉवेल वाळत घातले होते, चांगले सहा. प्रत्येकाचं म्हणणं एकच, काडी हलली नाही. आत्यांनी यातून एक सिद्धांत काढला होता आणि तो त्या चहाबरोबर कुणालाही पाजत. “यंत्र बिघडतं. माणूस लपवतो. बिघाड शोधायचा असेल तर आधी माणूस उघडायचा.”

दुसरा सिद्धांत वहीचा. त्या वहीत चार रकाने असत: वेळ, तक्रार, कारण, बंद. कारण लिहिल्याशिवाय ‘बंद’पुढे बरोबरची खूण करायची नाही. एकदा नव्या साहेबांनी सांगितलं, “लिहा हो, ‘आपोआप सुरू झाला’. कशाला ताणता?” आत्या म्हणाल्या, “आपोआप काही होत नसतं साहेब. आपोआप म्हणजे कुणीतरी सांगत नाहीये.” साहेब तीन महिन्यांत बदलून गेले. तेही आपोआप नव्हे, असं विभागात म्हणत.

तर अशा या घरात एका रविवारी नवा राऊटर आला.

तो आणला भाच्याने. भाचा कपाटांचे आणि स्वयंपाकघरांचे नकाशे काढायचा, घरी बसून, खालच्या बैठकीत. त्याचं एक पालुपद होतं, “सिंपल आहे.” तो ‘सिंपल आहे’ म्हणाला की आत्या चहाच्या पातेल्यात पाणी वाढवत, कारण काम लांबणार हे नक्की.

राऊटर बदलायला कारण होतं भाचेसुनेचं काम. तिचं काम भारी. दूर कुठल्या तरी महाविद्यालयात वर्ग भरायचा, प्राध्यापक बोलायचे, आणि ही आपल्या घराच्या वरच्या मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ते शब्दन् शब्द टाइप करायची. तिथे वर्गात पडद्याखालच्या पट्टीवर अक्षरं उमटायची आणि ज्या मुलांना ऐकू येत नाही ती मुलं वाचायची. प्राध्यापक खोकले तर ही कंसात ‘खोकला’ लिहायची. एक मास्तर प्रत्येक वाक्याला तीनदा “म्हणजे बघा हं” म्हणायचे. पहिल्या आठवड्यात तिने तेही तीनदा लिहिलं, तर मुलं इतकी हसली की मास्तरांची सवय सुटली.

पण वरच्या मागच्या खोलीत नेट रडतखडत यायचं. मध्येच पट्टी कोरी. तिच्या मुख्यबाई फोनवर गोड बोलायच्या, पण त्या गोडीला हाडं होती. “हे बघ बेटा, माझं वैयक्तिक काही नाही. पण पुढच्या पुढच्या शुक्रवारी अकरा ते बारा मी स्वतः बघत बसणार. एकदा जरी तुटलं तर तुला इथे मुख्य कार्यालयात येऊन बसावं लागेल. काय आहे, मुलांचा प्रश्न आहे.”

मुख्य कार्यालय होतं दुसऱ्या गावात, बसने तीन तास. रोज जाऊन-येऊन होणारं नव्हतं. म्हणजे तिकडे घर घ्यायचं. हे आत्यांना कुणी सांगितलं नाही. जिन्यावर नवरा-बायको हळू आवाजात बोलत होती, आणि एकतीस वर्षं खरखरीतून शब्द वेचलेल्या कानाला हळू आवाज म्हणजे काय!

“दोन खोल्या मिळतील फक्त.”

“आणि आत्या?”

“ती येणार आहे का हे घर सोडून? आणि आली तर झोपणार कुठे, माझ्या नकाशांवर?”

“मग तिला एकटीला ठेवायचं इथे?”

या वेळी भाचा ‘सिंपल आहे’ म्हणाला नाही. आत्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या, हातात दुधाचं भांडं. ते त्यांनी परत फ्रिजमध्ये ठेवलं, आणि चहा कोराच प्यायल्या.

तर त्या रविवारी पांढरी खोकी उघडली. एक मोठा डबा, दोन धाकटे. मोठा बैठकीत, मधला जिन्याच्या वळणावर, तिसरा वरच्या मागच्या खोलीत.

“हे तिघं मिळून एकच जाळं विणतात,” भाचा म्हणाला. “घरात कुठेही जा, फोन आपोआप जवळच्या डब्याला धरतो.”

“आपोआप?” आत्यांनी भुवई उचलली.

“हो गं, आपोआप. आणि नेटचं नाव मी जुनंच ठेवलंय, पासवर्डही तोच. म्हणजे फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर कशातच काही बदलायला नको. सिंपल आहे.”

आत्यांनी चहाला पाणी वाढवलं.

जुना राऊटर काळा, तीन शिंगांचा, त्यातलं एक शिंग पट्टीने बांधलेलं. भाच्याने तो भंगाराच्या खोक्यात टाकला, पावती-पुठ्ठ्यांबरोबर. आत्यांना ते बघवलं नाही. सात वर्षं चाललेलं यंत्र, अजून दिवे लागतात, आणि भंगारात? त्यांच्या विभागात यंत्रं कधी बंद करत नसत. एकदा एका साहेबाने वीज वाचवायला टेलिफोनच्या यंत्रांचं जुनं कपाट आठवडाभर बंद ठेवलं, तर ते ओल धरून असं बसलं की उठवायला अकरा दिवस लागले. चालतं यंत्र चालतंच ठेवायचं, हे आत्यांच्या हाडात मुरलेलं. सोमवारी सकाळी भंगारवाला यायच्या आत त्यांनी काळा डबा पदराआड घेतला, आपल्या खोलीतल्या कपाटावर चढवला, सुटकेसच्या मागे, आणि कपाटाशेजारच्या एकुलत्या एक सॉकेटात त्याचा प्लग लावला. तीन हिरवे दिवे लागले. नेटची वायर त्याला नव्हतीच. लाइन नाही म्हणजे मुका, आणि मुका फोन कुणाचं काय वाकडं करतो?

“आत्या, जुना गेला ना?” भाच्याने वरून ओरडून विचारलं.

“गेला,” आत्या म्हणाल्या. कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? काही नाही. पण भाचा आधीच त्यांच्या खोलीला संग्रहालय म्हणायचा. तीन बंद घड्याळं, दोन रेडिओ, एक चाकाचा जुना फोन, आणि एक टाइपरायटर ज्यात ‘क’ उमटत नाही. मित्र आले की तो दार किलकिलं करून गाइडच्या आवाजात म्हणायचा, “मंडळी, डावीकडे बघा, हात लावू नका.” त्यात आणखी एक वस्तू कशाला दाखवायची?

सोमवारी दुपारी वरून पहिली हाक आली. “गेलं!”

भाचा धावला. जिन्याच्या वळणावरचा डबा हिरवा. खोलीतला डबा हिरवा. लॅपटॉपवर चारही काड्या भरलेल्या. आणि नेट शून्य.

“फुल रेंज आहे!”

“मग ही पट्टी कोरी का आहे? तिकडे चाळीस मुलं बघत बसलीयेत!”

भाच्याने सगळं बंद करून चालू केलं. चाललं. संध्याकाळी परत गेलं. मंगळवारी त्याने खोलीतला डबा लोखंडी कपाटाच्या मागून काढून खिडकीत ठेवला. बुधवारी जिन्याच्या वळणावरचा मोठा आरसा उतरवला, कारण कुठेतरी वाचलं होतं की आरसा लहरी परतवतो. गुरुवारी मधला डबा विटेवर, वीट स्टुलावर, आणि स्टूल टेबलावर. “उंची महत्त्वाची,” तो म्हणाला. नेट एखादा तास गुण्यागोविंदाने चालायचं आणि मग हुंदका दिल्यासारखं थांबायचं.

कंपनीला फोन लावला. आत्या शेजारीच बसल्या होत्या, कान टवकारून. पलीकडून रेकॉर्ड केलेली बाई म्हणाली, “आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे,” आणि चौदा मिनिटं पेटी वाजवली. मग जिवंत माणूस आला, तोही रेकॉर्डसारखाच. “झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत सर. आपण राऊटर बंद करून चालू केला का सर?”

“याला ‘बोला’ म्हणायला कुणी शिकवलं नाही,” आत्या म्हणाल्या. “आधी माफी, मग तक्रार? गुन्हा न ऐकता फाशी.”

शेवटी नेटवाला आला. कमरेला पक्कड, खांद्याला वायरीचं वेटोळं, आणि तोंडात एकच वाक्य, “होतं असं.” त्याने मोबाइलवर घरभर फिरून आकडे पाहिले. आत्यांच्या खोलीच्या दारात थांबून, वर छताकडे बघून म्हणाला, “इथे आणि याच्या बरोब्बर वरच्या खोलीत तर रेंज मस्तच आहे मावशी. आमच्या ऑफिसात नाही एवढी. तरी नेट नाही. होतं असं.”

“का होतं?” आत्यांनी विचारलं.

“होतं असं.”

“जुना राऊटर कुठेय?” त्याने सहज विचारलं.

“भंगारात गेला,” भाचा म्हणाला. आणि आत्यांकडे बघून, “काय गं?”

“गेला,” आत्या म्हणाल्या, दुसऱ्यांदा.

नेटवाल्याने सगळं बंद केलं, चालू केलं, चाललं. सही घेतली. तो फाटकातून बाहेर पडला आणि वरून हाक आली, “गेलं!” फाटकातूनच तो म्हणाला, “होतं असं,” आणि स्कूटर सुरू करून निघून गेला.

आता आत्यांनी पदर खोचला. “तुमच्याच्याने होणार नाही. वही आणा.”

कपाटातून त्यांची जुनी, निम्मी कोरी तक्रारवही निघाली. जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून त्या बसल्या. वरून “गेलं!” आलं की वेळ लिहायची, “आलं!” आलं की वेळ लिहायची. विभागाचा शिरस्ता होता की टेबल सोडलं तर समासात कारण लिहायचं, तोही पाळला. समासात बारीक अक्षरात ‘चहा’, ‘दार’, ‘इस्त्री’, ‘डोळा लागला’ असं प्रामाणिकपणे येऊ लागलं.

आणि उलटतपासणी. रोज जेवताना एकेकाला धरून.

“घरात रविवारपासून काय हललं? बोला.”

“आत्या, राऊटर हलला. बाकी काही नाही.”

“असंच म्हणतात सगळे. तू हेडफोन बदललास?”

“नाही हो आत्या.”

“मग लॅपटॉपखाली काही घातलंस? रुमाल, झालर?”

“उशी घालते कधी कधी,” भाचेसून कबूल झाली, “मांडीला चटका बसतो म्हणून.”

“बघ! उशी! तीन वेळा विचारलं तेव्हा निघाली. आणि तू रे? आरसा कुणाला विचारून काढलास?”

“अगं तो नेट गेल्यावर काढला!”

“ते मी ठरवीन.”

भाचा बायकोकडे बघून आत्यांचा आवाज काढायचा, ‘बो’वर रेंगाळून, ‘ला’ खाली ठेवून. इतका हुबेहूब की एकदा आत्या स्वतःच “कोण आहे?” म्हणून दाराकडे गेल्या.

दुसरा आठवडा निम्मा सरला. बुधवारी संध्याकाळी भाचेसून वही घेऊन बसली. डोळे सुजलेले. तिने नेट गेल्याच्या वेळा सोडून दिल्या, कारण त्या पानभर होत्या. नेट न तुटता चालल्याच्या वेळांखाली तेवढ्या रेघा मारल्या. शनिवार, अकरा ते सव्वाबारा. सोमवार, चार ते पाच. आज, तीन ते चार. मग तिचं बोट समासाकडे सरकलं.

“आत्या.”

“बोला.”

“शनिवारी अकराला, समासात काय लिहिलंय?”

“इस्त्री.”

“सोमवारी चारला?”

“इस्त्री. याचे शर्ट होते.”

“आज तीनला?”

आत्यांनी चष्मा लावला. इस्त्री.

भाचा इतका हसला की टेबलावरचं स्टूल आणि स्टुलावरची वीट दोन्ही हलली. “सिंपल आहे! आत्याच्या इस्त्रीत सिग्नल आहे! अगं, आपण उगाच तीन डबे आणले, तीन इस्त्र्या आणायच्या होत्या!”

“हसू नकोस,” भाचेसून म्हणाली. ती हसत नव्हती. “परवा शुक्रवार आहे. आत्या, मला कारण कळत नाही, पण तुम्ही शुक्रवारी अकरा ते बारा इस्त्री कराल? न थांबता?”

इतकी सरळ विनंती आत्यांना आयुष्यात कुणी केली नव्हती. विजेचा जुना भार, घरातली वायर, दाब कमी-जास्त, असं काहीतरी असेल, त्यांनी मनाशी जुळवलं. “करीन,” त्या म्हणाल्या. “पण कपडे लागतील.”

शुक्रवारी पावणेअकराला आत्यांनी सॉकेटातला एक प्लग उपसला, इस्त्रीचा लावला, आणि तापल्याचा लाल दिवा गेल्यावर पहिला शर्ट अंथरला. वर अकराला मुख्यबाई पडद्यावर आल्या. भाचा जिन्यात उभा, हात वर केलेला, म्हणजे चालू आहे.

वीस मिनिटांत शर्ट संपले. मग उशांचे अभ्रे, चादरी, टॉवेल. साडेअकराला भाच्याने आपल्या अंगातला शर्ट काढून फेकला. पावणेबाराला आत्या पायमोज्यांवर आल्या, मग फडक्यांवर, मग भाच्याचा एक गुंडाळी धरलेला नकाशा सरळ केला. खोलीत वाफ आणि गरम सुताचा वास कोंडला. हात एका लयीत पुढे-मागे चालला होता, आणि असा हात चालू असला की आत्यांचं डोकंही चालायचं. विभागात त्या बोलता बोलता पेन्सिलीला टोक काढत, तसं.

इस्त्रीने नेट कसं चालेल? इस्त्री तर यंत्र, ती काही करत नाही, तापते. मग इस्त्री करताना घरात काय हलतं? सवयीने त्यांनी स्वतःलाच विचारलं, मनातल्या मनात, पण अगदी त्याच आवाजात. आणि सवयीनेच मनातून उत्तर आलं, काडी हलत नाही हो.

आत्यांचा हात थांबला. जळका वास आल्यावर त्यांनी इस्त्री उभी केली.

कपाटाच्या बाजूला एक काळी वायर लोंबत होती, टोकाला प्लग. इस्त्रीसाठी जो प्लग त्या दरवेळी उपसत होत्या, तोच. वर, सुटकेसच्या मागे, आज हिरवे दिवे नव्हते. आणि त्याच्या वर वीतभर अंतरावर छत, छतावर फरशी, फरशीवर भाचेसुनेचं टेबल.

बारा वाजले. वरून आवाज आला, मुख्यबाईंचा, स्पीकरवर. “छान बेटा! एकदाही तुटलं नाही. मग सांग, वर्षभर घरून करणार की इकडे येणार? संध्याकाळपर्यंत लिहून दे. पण एकदा लिहून दिलं की माझ्या हातात काही नाही हं.”

आत्यांनी इस्त्रीचा प्लग काढला आणि काळा प्लग लावला. हिरवा दिवा, दुसरा, तिसरा. दीड मिनिट गेलं.

“गेलं!” वरून.

प्लग काढला. थोड्या वेळाने, “आलं!”

परत लावला. “गेलं!” भाच्याचा आवाज, “अगं पण मी तर काही केलं नाही!” परत काढला. आता खात्रीला जागा राहिली नव्हती. मुका समजलेला तो डबा मुका नव्हताच. नाव तेच, पासवर्ड तोच, जवळ सगळ्यात तो; वरचा लॅपटॉप फिरून फिरून त्याच्याकडे जायचा आणि हा त्याला अगत्याने धरून ठेवायचा. बोला, बोला म्हणायचा. पण मागे लाइनच नव्हती. सात वर्षांच्या सवयीने ऐकून घेत बसायचा आणि पुढे काही पोचवायचा नाही.

आत्या खाटेवर बसल्या. सोपं होतं. वायर गुंडाळायची, डबा सुटकेसमध्ये टाकायचा, कुलूप. नेट चालेल. कुणी विचारलं तर आपोआप चालू झालं.

वर नवरा-बायकोचं बोलणं चालू होतं, हळू आवाजात.

“पास झालीस ना? मग लिहून दे, घरून करणार.”

“कसं देऊ? बघितलंस ना आत्ता, इस्त्री थांबली आणि गेलं. कारणच माहीत नाही आपल्याला. उद्या चाललं तरी परवाचं काय? ती मुलं कोऱ्या पट्टीकडे बघत बसतात रे. मला नाही जमणार हे. मी लिहून देते, तिकडे येते म्हणून.”

“आत्याला मी सांगतो.”

“मी सांगते. तू ‘सिंपल आहे’ म्हणशील.”

जिन्यावर चपला वाजल्या. भाचेसून उतरायच्या आत आत्या जिन्याला लागल्या होत्या. एका काखेत काळा डबा, तीन शिंगांसकट, वायर मागे पायरीपायरीवर आपटत. दुसऱ्या हातात वही. मधल्या वळणावर, जिथे आरशाचा पांढरा चौकोन भिंतीवर उरला होता, तिथे तिघांची गाठ पडली.

भाच्याने डबा पाहिला.

“हा तर गेला होता,” तो म्हणाला.

“कपाटावर गेला होता,” आत्या म्हणाल्या. “चालू होता. बारा दिवस झाले. इस्त्री लावायची तर याचा प्लग काढावा लागतो, म्हणून इस्त्रीला नेट चालतं. आत्ता मी लावून, काढून पाहिलं, दोनदा. तू वर ओरडत होतास.”

“पण नेटवाल्यासमोर मी विचारलं तुला!”

“दोनदा विचारलंस. दोनदा खोटं बोलले.”

भाचेसुनेने भिंतीला पाठ टेकली. गेल्या पंधरवड्याचा हिशेब तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. कोऱ्या पट्ट्या, मुख्यबाईंचा गोड आवाज, कबूल केलेली उशी.

“उशीवरून किती बोललात मला तुम्ही,” ती म्हणाली.

“बोलले,” आत्या म्हणाल्या. “चूक माझी, आणि झडती तुमची. रागाव. रागावायलाच पाहिजे.”

“रागावलेच आहे मी.” तिने डबा आत्यांच्या काखेतून काढून घेतला, उलटासुलटा केला, पट्टीने बांधलेलं शिंग पाहिलं. “का ठेवलात पण?”

“बंद ठेवला तर ओल धरेल म्हणून.”

भाच्याला आधी खोकला आला. मग तो पायरीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागला. त्यातूनच आवाज आला, ‘बो’वर रेंगाळून, “बोऽला. घरात कालपासून काय हललं?”

“काडी हलली नाही हो,” आत्या म्हणाल्या, त्या कुंपणवाल्या गृहस्थाच्या आवाजात. हे त्यांनी आजवर कुणासमोर केलं नव्हतं. भाचेसून रागातच होती, पण तिचा ओठ हलला.

“आता हा प्लग लावायचा नाही म्हणजे झालं?” तिने नवऱ्याला विचारलं. “नक्की? हेच कारण?”

भाचा ‘सिंपल’ म्हणणार होता, पण थांबला. “थांब, मोजून बघू.”

मग त्यांनी ते रीतसर केलं. काळा डबा बंद ठेवून दुपारी साडेबारा ते साडेचार लॅपटॉपवर एक सलग व्याख्यान लावून ठेवलं. आत्या पायथ्याशी वही घेऊन बसल्या आणि चार तासांत एकदाही “गेलं” ऐकू आलं नाही. समासात फक्त ‘चहा’ दोनदा. पावणेपाचला भाचेसुनेने मुख्यबाईंना लिहून दिलं, वर्षभर घरूनच. खाली येऊन आत्यांना सांगितलं तेव्हा ती अजून जरा घुश्शातच होती.

“दिलं लिहून. आता पुढच्या वर्षापर्यंत कपाटावर काही चढवायचं नाही. विचारल्याशिवाय.”

“नाही.”

“आणि मी विचारलं तर?”

“तर खरं सांगेन,” आत्या म्हणाल्या. आणि लगेच, “टाइपरायटरही चालू आहे तसा. फक्त ‘क’ उमटत नाही.”

काळ्या डब्याचं करायचं काय, यावर थोडी बाचाबाची झाली. भाचा म्हणाला भंगार. आत्यांचा चेहरा पडला. शेवटी भाचेसुनेनेच तो कोरड्या कापडात गुंडाळून, एका पिशवीत तांदळाची पुरचुंडी घालून सुटकेसमध्ये ठेवला. “ओल धरणार नाही,” ती म्हणाली. “आणि वायर माझ्या खणात राहील.”

आत्या आपल्या खोलीत आल्या. खाटेवर गल्लीतल्या कुणाच्याही घरात नसेल एवढा कडक इस्त्रीचा ढीग होता, पायमोज्यांसकट. तो बाजूला सारून त्यांनी वही उघडली. आठवडाभराच्या तक्रारींपुढे ‘कारण’चा रकाना रिकामा होता. एक लांब महिरपी कंस काढून त्यांनी सगळ्या ओळी एकत्र बांधल्या. पेन टेकवलं, उचललं. विभागात असताना त्यांनी या रकान्यात उंदीर लिहिले होते, झालर लिहिली होती, ग्राहकाची कात्री लिहिली होती. मग ठसठशीत अक्षरात लिहिलं: ‘तक्रार घेणारी स्वतः’. आणि ‘बंद’पुढे बरोबरची खूण केली.